पाचव्या दिवसाचा अध्याय

सिंगापूरला सूर्य सात वाजता उगवतो, ही गोष्ट माझ्या आईनं या देशाला कधीच माफ केली नाही. बाकी सगळं तिनं चालवून घेतलं. चोआ चू कांगच्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटला अंगण नव्हतं, ते चाललं. तुळस कॉरिडॉरमध्ये शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडला खेटून ठेवावी लागे, तेही चाललं. पण साताऱ्यात वाढलेल्या बाईनं वेळेवर उठावं, आंघोळ उरकून पोथी उघडून बसावं आणि बाहेर मिट्ट काळोख असावा, हे तिला काही केल्या पचेना. "ही काय सकाळ म्हणायची? देवसुद्धा जांभया देत असेल," असं ती दर पारायणाच्या पहिल्या दिवशी म्हणायची. मग इलाज नाही म्हणून उजाडायची वाट बघत समईच्या वाती वळत बसायची.

बाबा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. सहा-सात महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी. घरी असले की सोफ्यावर पाय पसरून वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, फ्रीजमागे हात घालून उगाच खुडबुड करायचे आणि आईला म्हणायचे, "तुझा हा फ्रीज माझ्या इंजिनापेक्षा जास्त कुरकुरतो." ते बोटीवर गेले की आई पंचांग बघून पारायणाला बसायची. एका सत्पुरुषाच्या चरित्राची ती जाडजूड पोथी, सात दिवसांत वाचून संपवायची. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यात गंमत काही नसते. रोजचे अध्याय ठरलेले, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. मोठ्यानं वाचायचं. वाचन सुरू झालं की संपेपर्यंत आसनावरून उठायचं नाही, मध्ये कोणाशी बोलायचं नाही, एकही ओवी सोडायची नाही. सोडली किंवा उठलं तर पारायण खंडित. आणि खंडित पारायण हे न केलेल्या पारायणापेक्षा वाईट, कारण मग ज्याच्यासाठी ते केलं त्याच्यावरच येतं, असं आईच्या आईनं तिला सांगितलेलं. म्हणजे आमच्या घरात हिशेब सरळ होता. बाबा समुद्रावर सुखरूप होते ते आई आसनावरून उठत नव्हती म्हणून.

त्या सात दिवसांत घराचा आवाजच बदलायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींकडे माजाँगच्या सोंगट्या खडखडायच्या, खाली रुळांवरून एमआरटीची लोकल घसटत जायची, शेजारच्या मलाय कुटुंबाच्या रेडिओवर अजान व्हायची, आणि या सगळ्यात आमच्या हॉलमधून आईचा आवाज एका लयीत चालू. आवाज गोड होता तिचा. लहानपणी ती गाणं शिकलेली होती, आणि भाजी चिरतानासुद्धा तिच्या तोंडात काहीतरी असायचं. सात दिवस कांदा-लसूण बंद. उद्यापनाला ठरावीक भाजी लागायची आणि ती इथे मिळायची नाही, म्हणून आई वेट मार्केटमधून, म्हणजे भाजी-मासळीच्या बाजारातून, हातभर लांब हिरव्या शेंगा आणायची आणि देवापुढे नैवेद्य ठेवताना पुटपुटायची, "यंदाही हेच आहे, गोड मानून घे." मी मात्र दुपारी खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला सटकायची, लसणाचा घमघमाट सुटलेल्या नूडल्सची वाटी समोर घ्यायची आणि लायब्ररीचं पुस्तक उघडायची. परत येताना दोनदा चुळा भरायची. आईला वास यायचाच. ती फक्त माझं ताट वेगळं वाढायची.

सतरा वर्षांची होते मी, आणि अंगात नुसती आग होती. लायब्ररीतल्या एका कपाटानं मला झपाटलं होतं. धर्म, तत्त्वज्ञान, आत्मचरित्रं, सगळं एकत्र कोंबलेलं ते कपाट. एका थंड देशातल्या मास्तरणीचं पुस्तक होतं, नवरा गेल्यावर तिनं चर्चमध्ये जाणं सोडलं आणि गावच्या पाद्र्याला वर्षभर पत्रं लिहून का सोडलं ते सांगितलं. एक माणूस होता जो आयुष्यभर एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत देवळांतून, मशिदींतून, मठांतून हिंडला आणि शेवटी प्रश्नच विसरला. मला ती पुस्तकं किती कळली, देव जाणे. पण माणसाला 'नाही' म्हणता येतं, देवालासुद्धा, ही गोष्ट मला त्यांनी शिकवली आणि मी ती ताप चढावा तशी अंगावर घेतली. रात्रंदिवस डोक्यात तेच. वर्गात तेच, बसमध्ये तेच. एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं. आई माझ्या टेबलावरची पुस्तकं पुसून रचून ठेवायची आणि विचारायची, "एवढं काय गं हरवलंय तुझं, की या सगळ्यांत शोधतेस?" मी इंग्रजीत काहीतरी फटकन बोलायची. आज माझी मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता मला इथल्या इंग्रजीत "व्हॉटेव्हर लाह" म्हणते, तेव्हा मला माझा तो सूर आठवतो.

त्या वर्षी हेझ आला होता. दूरच्या बेटांवर जंगलं पेटत होती आणि त्यांचा धूर वाऱ्याबरोबर येऊन आमच्यावर बसला होता. आकाश पिवळट, समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या दिसेनाशा, घरात सगळं बंद करूनही घशाला जळकट चव. परीक्षेआधीची अभ्यासाची सुटी होती, म्हणजे मी आणि आई दोघी दिवसभर त्या बंद घरात. आणि बाबांचा फोन येत नव्हता. ते दर रविवारी कुठून ना कुठून फोन करायचे. एक रविवार चुकला. आई म्हणाली, बंदर लागलं नसेल. दुसरा चुकला. त्याच आठवड्यात बातमी आली, की बाबा ज्या समुद्रात होते तिथे कुठल्याशा जहाजावर चाचे चढले. जहाज बाबांचं नव्हतं, पण समुद्र तोच होता. तांजोंग पगारला बाबांच्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथे फोन लावला तर एक बाई गोड आवाजात म्हणायची, "वी विल कॉल यू लाह, आंटी, डोन्ट वरी सो मच." आई फोन ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. दोन दिवस तिनं हे केलं, आणि तिसऱ्या दिवशी पंचांग काढलं.

या वेळचं पारायण नेहमीसारखं नव्हतं हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ती वाचत नव्हती, ओरडत होती. जणू पोथीतल्या सत्पुरुषाला ऐकू कमी येत होतं. त्या धुरात, बंद घरात, तीन-तीन तास. दुसऱ्या दिवशी आवाज चिरकला. तिसऱ्या दिवशीचे अध्याय तिनं कसेबसे ओढले आणि दुपारी तोंड उघडलं तर नुसती हवा. मी तिला ओढत पॉलिक्लिनिकला नेलं. तिथल्या डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं आणि बजावलं, की दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजणं तर बोलण्याहून वाईट. नाहीतर हा आवाज पूर्वीसारखा होणार नाही. मी ते मराठीत पुन्हा सांगितलं. आईनं मान डोलावली. घरी आल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, पाठीमागे लिहिलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "उरलेलं तू वाच. मी शेजारी बसून ऐकते. चालतं."

मी काय म्हणणार? बाबा माझेही होते. माझा त्या पोथीवर विश्वास नव्हता, पण बाबांचा फोन येत नव्हता यावर पुरेपूर होता. चौथ्या दिवशी मी आंघोळ करून आसनावर बसले. आई बाजूला चटईवर. माझं मराठी वाचन म्हणजे आनंदच होता. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी, रविवारी दोन तास आईनं पाढ्यांसारखं गिरवून घेतलेलं मराठी. जोडाक्षर आलं की मी अडखळायची. आई जमिनीवर बोटानं टकटक करायची, मग मी मागे जाऊन पुन्हा म्हणायची. तासाभरानं मात्र एक विचित्र गोष्ट झाली. ती लय माझ्या जिभेवर बसली. कुणी एक आजारी कोष्टी, त्याची भूक, त्याच्या दारात आलेला पाहुणा, अशी काहीतरी कथा होती, आणि ती मला आवडली. खोटं कशाला बोलू, भारी आवडली. वाचन संपल्यावर मी आईला विचारलं, "त्या पाहुण्यानं शेवटची भाकरी का मागितली? त्याला दिसत होतं ना घरात काही नाही ते?" आईनं कॅलेंडरच्या पानावर लिहिलं, "माहीत नाही." मी म्हटलं, "एवढ्या वेळा वाचलंस, कधी विचार नाही केलास?" तिनं उठून कुकर लावला. तेव्हा मला तिची मनापासून दया आली. इतकी वर्षं एक पुस्तक वाचतेय ही बाई आणि त्याला एक प्रश्न विचारलेला नाही.

पाचव्या दिवशी हेझ इतका होता की सात वाजून गेले तरी दिवा लावावा लागला. पहिला अध्याय बरा गेला. दुसऱ्यात एका साध्वीला केलेला उपदेश होता. बायकोनं नवऱ्याआधी उठावं, त्याच्यानंतर निजावं, तो जेवल्यावाचून जेवू नये, तो रागावला तर हसावं. मी दात आवळून वाचत होते. चीड येत होती, पण म्हटलं, होऊ दे, बाबांसाठी. आता मला एक ओळ पुढे बघून वाचायची सवय झाली होती. पान उलटलं आणि पुढचं दिसलं. नवरा गेल्यावर बाईनं कसं जगावं, ते. केस काढावेत. जमिनीवर निजावं. एकदा जेवावं. शुभकार्यात तोंड दाखवू नये. ओवीमागून ओवी, पानभर.

मी थांबले. आईनं बोट आपटलं. टक टक. मी वर बघितलं नाही. पुन्हा टक टक.

"हे मी वाचणार नाही," मी म्हणाले.

वाचनात बोलले होते. आईचे डोळे मोठे झाले. तिनं पानाकडे बोट केलं, मग देवाकडे, मग पुन्हा पानाकडे.

"आई, बाबांचा तीन आठवडे पत्ता नाही. आणि मी इथे बसून तुला हे ऐकवू? नवरा मेल्यावर बाईनं काय..."

पुढचं बोलूच दिलं नाही तिनं. पुढे झुकून माझ्या तोंडावर तळहात दाबला. ज्या घरातला माणूस समुद्रावर आहे त्या घरात मरणाचा शब्द उच्चारत नाहीत, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. मी तिचा हात बाजूला केला. आणि मग जे बोलले ते आजही आठवलं की अंग आकसतं. "तू श्रद्धा श्रद्धा म्हणतेस ना, ही श्रद्धा नाही. तू घाबरतेस. घाबरतेस म्हणून वाचतेस. यातली एक ओळ तरी पटते का तुला? बाबा बुडायचे असतील तर बुडतील, मी हे वाचलं म्हणून वाचणार नाहीत!"

आईनं माझ्यासमोर हात जोडले. माझी आई, जी मला डोळ्यांच्या धाकात ठेवायची, ती चटईवर बसून मला हात जोडत होती. तिचे ओठ हलत होते आणि त्यांतून काही येत नव्हतं. मला कळत होतं की मी मान खाली घालून पाच मिनिटांत ते पान संपवू शकते. आणि तेही कळत होतं की मी ते केलं तर त्या कपाटातली सगळी पुस्तकं मी नुसती चघळली, असा त्याचा अर्थ होईल. मी आसनावरून उठले. खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

हातात पहिलं आलं ते पुस्तक घेतलं. एक ओळ दिसेना. हॉलमधून चटई सरकल्याचा आवाज आला. आई आसनावर बसली होती. आणि मग ती कुजबुज सुरू झाली. खरवडल्यासारखी, मध्येच तुटणारी, पुन्हा उचललेली. डॉक्टरनं नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच. मी दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. बाहेर जाऊन म्हणायचं होतं, दे इकडे, वाचते मी. खरंच म्हणायचं होतं. पण कडी काढली नाही, आणि ती कुजबुज तास-दीड तास चालली, आणि मी सबंध वेळ दाराला कान लावून उभी राहिले.

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरानं कसे काढले ते सांगता येत नाही. सहाव्या दिवशी मी आंघोळ करून आसनाजवळ गेले, तर आईनं हातानं बाजूला केलं आणि स्वतः बसली. माझ्याकडे बघत नव्हती. जेवत नव्हती. एरवी आवाज नसतानाही ती डावानं पातेलं वाजवून मला हाका मारायची, तेही बंद झालं. दिवसातून दहा वेळा फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायची, लाइन चालू आहे ना ते बघायला, आणि ठेवायची. मी म्हटलं, ही माझ्यावर रागावलीय. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं रागावलीय. मी सॉरी म्हटलं, मराठीत म्हटलं, इंग्रजीत म्हटलं. तिनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून तेही कळलं नाही. समोरच्या आंटींनी दारातून विचारलं, "यू ऑलराइट ऑर नॉट?" तेव्हा आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, की त्या बिचाऱ्या सूपचं भांडं खाली ठेवून निघून गेल्या.

सातव्या दिवशी आई शेवटचे अध्याय वाचत होती आणि फोन वाजला. मी झडप घातली. खरखर, मग लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज. "रेवू? रेवू, मी बोलतोय." मी किंचाळले की रडले, आठवत नाही. जनरेटरला आग लागली होती. दिवे गेले, संदेश पाठवायचं यंत्र जळलं, जहाज दिवसचे दिवस नुसतं वाहत होतं, आणि शेवटी दुसऱ्या एका बोटीनं ओढून त्यांना कोलंबोला आणलं होतं. चाचे नव्हते, कोणी नव्हतं. बाबांचे हात भाजले होते, बाकी ठीक. "आई कुठाय? दे तिला," ते म्हणाले. मी म्हणाले, "आई वाचतेय." मला माहीत होतं की ती उठणार नाही. घराला आग लागली असती तरी त्या आसनावरून उठली नसती ती बाई. पण मी वळून बघितलं तर आई उठली होती. पोथी उघडी टाकून, पदर सावरत, धडपडत येत होती. तिनं रिसीव्हर हिसकावला, कानाला लावला, तोंड उघडलं आणि काहीही आलं नाही. कुजबुजसुद्धा नाही. तेवढंही उरलं नव्हतं. पलीकडे बाबा "हॅलो, हॅलो, सुमन?" म्हणत होते, ते मला ऐकू येत होतं. आई हाताच्या बोटांनी रिसीव्हरवर टकटक वाजवत होती. बाबांना काय कळणार? ते घाबरले. "काय झालं तिला? रेवू, काय झालं आईला?" मी रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "तिचा आवाज गेलाय." का गेलाय ते नाही सांगितलं. लाइन तुटली.

आई पुन्हा आसनावर बसली नाही. दोन अध्याय उरले होते. तिनं पोथी मिटली, कापडात बांधली आणि आत जाऊन शिरा केला. देवापुढे नैवेद्य दाखवला नाही. थेट दोन वाट्या भरल्या, एक माझ्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच दुसरी खाल्ली. त्यानंतर आमच्या घरात पारायण झालं नाही. आवाज महिन्याभरानं परत आला, पण अर्धाच, खालचा. वरचे सूर गेले ते गेलेच. गाणं गेलं. बाबा पुढे कितीतरी वेळा बोटीवर गेले, आले, निवृत्त झाले, आणि सहा वर्षांपूर्वी इथेच या फ्लॅटमध्ये त्यांच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पोथी कपाटातच राहिली. आणि मी? मी शिकले, नोकरी केली, संसार केला, आणि लायब्ररीच्या त्या कपाटातली असतील नसतील ती पुस्तकं वाचली. श्रद्धेवर वाचली, स्वातंत्र्यावर वाचली. पण एक गोष्ट आतून कुरतडत राहिली. मी 'नाही' म्हणाले ते बरोबर होतं, आजही बरोबर वाटतं. पण त्याची किंमत आईच्या गळ्यानं भरली. मी तिचा आवाज घेतला आणि तिचा देवही घेतला, असं मला तीस-पस्तीस वर्षं वाटत आलंय.

इथवर माझ्या आठवणींचं हे प्रकरण गेल्या आठवड्यात लिहून झालं. आई ऐंशीची आहे, डोळे अधू झालेत पण कान शाबूत. आता मी तिला वाचून दाखवते, मी लिहिलेलं. नाहीतर ती कुरकुरते, की माझ्याविषयी लोकांना काय काय सांगतेस कोण जाणे. दुपारी जेवणानंतर मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. आईनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्या आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "लिहिलंयस चांगलं. पण एक चुकलंय."

"काय?"

"तू लिहिलंयस मी तो अध्याय वाचला. मी कुठे वाचला?"

मला वाटलं, वय झालं, विसरली. "आई, मी ऐकत होते ना. दीड तास वाचत होतीस."

"बाकीचं वाचलं. ते पान नाही वाचलं." तिनं साडीच्या निऱ्या नीट केल्या. "तू म्हणणार होतीस तोवर ते पोथीचं होतं गं. माझ्या तोंडी यायची वेळ आली आणि ते माझं झालं. तुझ्या बाबांचा पत्ता नव्हता. मी ते माझ्या तोंडानं कसं म्हणू? आणि दाराखालच्या फटीत तुझे पाय दिसत होते. म्हटलं, हे हिच्या कानावर माझ्या आवाजात पडायला नको. उलटलं पान."

पुढचे दोन दिवस तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं, जेवली नव्हती. मी विचारलं, "म्हणजे माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"तुझ्यावर कसली रागावतेय? मला वाटत होतं, मी मारलं त्याला." हे तिनं अगदी साध्या सुरात सांगितलं. "दोन दिवस मी विधवा होते. माझ्या मनानं. तुझं उठणं मी सावरून घेतलं होतं, पण पोथी खंडित केली ती मी, जाणूनबुजून. आणि मग त्याचा फोन आला. तुला सांगू, आधी आनंद नाही झाला. आधी राग आला. म्हटलं, पान गाळलं तरी हा जिवंत आहे, मग इतकी वर्षं मी घाबरत होते ती कशाला? मग उठले. मग कशाला बसून राहायचं होतं?"

"मला सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "एवढी वर्षं, आई! मी किती..."

"तू विचारलंस का कधी? तुला सगळं माहीत होतं तेव्हा." मग उशी नीट करत म्हणाली, "आणि मला ते मरणाचं कुणापुढे उच्चारायचं नव्हतं. तो असेपर्यंत तर नाहीच."

एवढं बोलून ती उशीला टेकली आणि तिचा डोळा लागला. मी तिच्याजवळ बसून राहिले. ज्या बाईनं आयुष्यात एक ओवी गाळली नव्हती, तिनं नवऱ्याचा जीव पणाला लावून, एकटीनं, गळ्यात आवाज नसताना पान उलटलं. आणि दाराच्या अलीकडे मी, हातात स्वातंत्र्याचं पुस्तक घेऊन, तिची कीव करत उभी होते.